जुन्या बोलपटाची पारख

सोलापूरच्या चाटी गल्लींत चादर घेण्यास आलेल्या दोन गिऱ्हाइकांची रीत पाहण्यासारखी असते. परगांवचा पाहुणा चादरीचा रंग पाहतो, चकाकी पाहतो, किंमत विचारतो आणि घडी बांधून घेतो. गांवचा जाणता माणूस मात्र घडी मोडतो, कापड उजेडासमोर धरून वीण पाहतो, उलटें करून मागची नक्षी पाहतो आणि अखेरीस अंगठा व बोट यांच्यामध्यें तें चोळून त्यांत खळ किती आहे याचा अंदाज घेतो. खळ भरपूर घातलेलें कापड दुकानांत ताठ व तजेलदार दिसतें. पहिल्या धुण्यांत खळ निघून जाते आणि मग मूळचें कापड काय होतें तें कळतें. ज्या शहरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी उभी राहिली व ज्याच्या चादरीचें नांव देशभर झालें, त्या शहराला ही पारख कोणी शिकवावी लागत नाहीं.

हीच पारख आज आणखी एका वस्तूच्या बाबतींत हवी झाली आहे. ती वस्तु म्हणजे जुन्या बोलपटाची घरीं पाहावयाची नवी प्रत. एके काळीं बोलपट पाहावयाचा तर चित्रगृहांतच जावें लागे. आणि एकदां तो गांवांतून हलला म्हणजे त्याची आठवण तेवढी मागें उरे. पुढें दूरचित्रवाणी आली, व्हिडिओची फीत आली, व्हीसीडी व डीव्हीडी या तबकड्या आल्या आणि २००६ सालापासून ब्लू-रे तबकडी आली. भारतांतील पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रांत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लक्षांहून थोडे अधिक चित्रबिंदु असतात. ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लक्षांहून अधिक. तपशील पांचपट झाला. यालाच हाय डेफिनिशनचें चित्र म्हणतात. चार लक्ष बिंदूंत जे दोष लपून राहत ते वीस लक्ष बिंदूंत उघडे पडूं लागले. आणि ते झांकण्याच्या नाना युक्त्याहि निघाल्या. वेष्टनावर ‘जीर्णोद्धार केलेली प्रत’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक वेष्टनागणिक निराळा असतो.

सोलापूरच्या प्रेक्षकाला हा प्रश्न परका वाटूं नये, असें एक उदाहरण त्याच्या घरचेंच आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ सालीं काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, त्यांत ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाचीं अवघीं ३२ वर्षें पुरीं झालीं असतां, तिकडेच त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाच्या आधारें व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट राजकमल कलामंदिराच्या वतीनें काढला. कोटणिसांची भूमिका स्वतः शांतारामांनीं केली, त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनीं, आणि संगीत वसंत देसाई यांनीं दिलें. भारतीय कायद्याप्रमाणें चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर साठ वर्षें चालतो. म्हणजे या बोलपटावरील हक्क २००६ सालच्या अखेरीस संपला. तेव्हांपासून तो कोणीहि काढावा, कोणीहि विकावा, कोणीहि महाजालावर चढवावा, असा सार्वजनिक झाला आहे. एका अर्थीं ही गोष्ट चांगली. परंतु ज्या विहिरीवर साऱ्या गांवाचा हक्क, तिचा गाळ कोणी काढावयाचा? कोणत्या प्रतीवरून तो उतरावा, किती काळजीनें उतरावा, याचें बंधन कोणावरच नाहीं. बऱ्यावाइटाची निवड करण्याचें ओझें सर्वस्वीं पाहणाऱ्यावर येऊन पडलें आहे.

ही निवड केवळ करमणुकीपुरती नाहीं. १९५० च्या सुमारापर्यंत बोलपटाची फीत नायट्रेटची असे. ती चटकन् पेट घेते, आणि न पेटली तरी काळांतरानें चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. तिच्या मागून आलेली ॲसिटेटची फीत तशी पेटत नाहीं. पण उष्ण व दमट हवेंत ती आंबते, तिला व्हिनेगरचा वास सुटतो आणि ती आकसून वांकडी होते. भारतांत सुमारें १,३०० मूकपट निघाले. त्यांतील तीसहि आज धडपणें हातीं नाहींत. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट; त्याची एकहि प्रत उरलेली नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. त्याच्या नायट्रेट फितींना ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागून पांच हजारांहून अधिक रिळें जळालीं. मूळ फीत एकदां गेली कीं, तिच्यावरून कोणीं काळजीनें अथवा निष्काळजीपणें उतरून घेतलेली जी नक्कल असेल, तोच पुढच्या पिढीचा बोलपट. २०२२ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखालीं २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठीं ३६३ कोटी रुपये जाहीर केले. एवढा सार्वजनिक पैसा ज्या कामास लागतो, तें काम बरें झालें कीं नाहीं हें ओळखण्याची दृष्टि लोकांना असणें अगत्याचें आहे.

पारख करणाऱ्याचा पहिला प्रश्न असा असावा कीं, ही प्रत उतरली कशावरून? कॅमेऱ्यांतून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून जतनासाठीं पॉझिटिव्ह काढतात, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून गांवोगांवच्या चित्रगृहांत फिरणारी प्रत. विहिरीचें पाणी पाटानें शेतापर्यंत पोंचेतों जसें वाटेंत थोडें थोडें मुरतें, तसा प्रत्येक पायरीवर चित्राचा तपशील झडतो. पुष्कळ जुन्या तबकड्या तर या साखळीच्या अगदीं शेवटीं असलेल्या झिजक्या प्रतीवरून, दूरचित्रवाणीसाठीं तयार केलेल्या व्हिडिओ फितीच्या आधारें निघाल्या. तीच फीत संगणकानें मोठी केली तर चित्र बिंदूंच्या संख्येनें हाय डेफिनिशन होईल, गुणानें होणार नाहीं. चार लक्ष बिंदूंचे वीस लक्ष करतां येतात. गेलेला तपशील परत आणतां येत नाहीं. ताकांत पाणी घातल्यानें तांब्या भरतो, ताक वाढत नाहीं.

चांगलें काम करणारे हा उगम लपवीत नाहींत. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) व त्याच मालिकेंतील पुढील दोन चित्रपटांच्या निगेटिव्ह १९९३ सालीं लंडनमधील एका आगींत होरपळल्या होत्या. पुढें इटलींतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेंत त्या ठिसूळ फितींना पुन्हां ओलावा देऊन, सुमारें एक हजार तास हातानें खपून, त्या दुरुस्त करण्यांत आल्या. ‘पथेर पांचाली’चा सुमारें ४० टक्के व ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, उरलेला इतर जतन केलेल्या प्रतींवरून घेतला. २०१५ सालीं नव्या प्रती लोकांपुढें आल्या, त्या वेळीं हा सर्व हिशेब उघडपणें सांगितला गेला. ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह फार बिघडलेली होती आणि ७० मिलिमीटरची एकहि प्रत उरलेली नव्हती. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननें इंग्लंडमधील एका गोदामांत सांपडलेल्या व अन्यत्र जतन झालेल्या फितींच्या आधारें तो उभा केला आणि २०२५ सालीं बोलोन्याच्या महोत्सवांत दाखविला. ज्या वेष्टनावर असा हिशेब नाहीं, तें वेष्टन संशयानें पाहावें.

दुसरी कसोटी चित्राच्या पोताची. आणि सर्वांत अधिक फसगत होते ती येथेंच. कापडाला जसे धागे, तसे फितीवरील काळ्यापांढऱ्या चित्राला रुप्याचे सूक्ष्म कण असतात. सेकंदाला चोवीस चित्रें डोळ्यांपुढून जातात व प्रत्येक चित्रांत हे कण निराळ्या जागीं पडलेले असतात. त्यामुळें पडद्यावरील चित्राचा पोत किंचित् हलता, जिवंत भासतो. नवख्या डोळ्याला तो दोष वाटतो. चित्रांत वाळू पसरली आहे, अशी तो तक्रार करतो. आणि गिऱ्हाइकाचें मन राखण्यासाठीं विक्रेता ती वाळू संगणकानें पुसून टाकतो. परंतु चित्र या कणांवर पसरलेलें नसतें. तें या कणांचेंच बनलेलें असतें. म्हाताऱ्या नटाच्या गालावरील सुरकुती, सुती सदऱ्याची वीण, मातीच्या भिंतीचा खरबरीतपणा हें सर्व त्या रुप्याच्या कणांनींच रेखलेलें आहे. कण पुसतांना सुरकुतीहि पुसली जाते, आणि हाडामांसाच्या माणसाऐवजीं मेणाचा बाहुला बोलूं लागतो. ‘पॅटन’ हा १९७० सालचा अमेरिकन चित्रपट मुळांत रुंद फितीवर, विपुल तपशिलासह चित्रित केलेला; पण २००८ सालीं निघालेल्या त्याच्या ब्लू-रे तबकडीला याच मेणचटपणासाठीं जाणकारांनीं नांवें ठेविलीं, आणि २०१२ सालीं ती नव्यानें काढावी लागली.

हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. जवळून घेतलेल्या एखाद्या चेहऱ्यापाशीं थांबावें. केसांची बट सुटी दिसते कीं एकच काळा लेप दिसतो, तें पाहावें. मग पात्रानें मान वळविली असतां चेहऱ्यामागें पुसट छाया ओढली जाते काय, हें पाहावें. तशी ओढली जात असेल तर पुसणी जोरांत चालली आहे असें समजावें. मात्र दिसेल ती प्रत्येक खरखर मूळचीच, असेंहि धरून चालूं नये. अनेक पायऱ्या उतरून आलेल्या प्रतींत कण जाडेभरडे होतात. महाजालावरून येणाऱ्या चित्रांत, जागा वांचविण्यासाठीं तें फार दाबलेलें असल्यास, लहान लहान चौकोन दिसूं लागतात. ब्लू-रेवर चित्रासाठीं सेकंदाला चाळीस मेगाबिटपर्यंत माहिती देतां येते, डीव्हीडीवर दहाच्याहि आंत. बारीक कण जपावयाचे तर माहिती पुष्कळ लागते. ती अपुरी पडली कीं प्रथम पोत मरतो. रुप्याचा कण बारीक व अनियमित असतो, दाबलेल्या चित्राचा डाग चौकोनी असतो, एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

यापुढील दोष म्हणजे खळ. पोत पुसून गुळगुळीत झालेलें चित्र मवाळ दिसतें. म्हणून त्यांतील प्रत्येक कडा कृत्रिम रीतीनें ठसठशीत करतात. पहिल्या नजरेस तें मोठें रेखीव वाटतें. परंतु पांढऱ्या आभाळासमोर उभा असलेला माणूस, झाडाची फांदी अथवा देवळाचा कळस नीट पाहिला तर त्याच्या भोंवतीं बारीक उजळ रेषा दिसते. अशी रेषा निसर्गांत नसते, मूळ फितींतहि नव्हती. ती कापडाच्या खळीसारखी वरून दिलेली आहे. येथें तबकडीला दोष देण्यापूर्वीं घरचा दूरचित्रवाणी संच तपासणें न्यायाचें होईल. कारण दुकानांत उठून दिसावा म्हणून पुष्कळ संच मुळांतच भडक लावलेले असतात. त्यांतील कडा ठसठशीत करणारी कळ अगदीं खालीं आणावी. दोन चित्रांच्या मध्यें स्वतःच्या कल्पनेनें तिसरें चित्र घालून हालचाल गुळगुळीत करण्याची जी योजना असते, ती बंद करावी; तिच्यामुळें चोवीस चित्रांचा बोलपट घरगुती समारंभाच्या चित्रणासारखा दिसूं लागतो. खोलींतील दिवे मंद करावे. तराजूच वांकडा असेल तर मालाला नांवें ठेवून उपयोग नाहीं.

तिसरी कसोटी काळ्यापांढऱ्याच्या मधल्या छटांची. जुन्या छायालेखकाचें सारें कसब काळा व पांढरा यांच्या मधल्या करड्या छटांत होतें. वाईट प्रतींत काळें अधिक काळें व पांढरें अधिक पांढरें करून चित्र झगझगीत केलेलें असतें. अशा चित्रांत काळ्या कोटाच्या घड्या नाहींशा होतात, रात्रीच्या प्रसंगांतील मागचीं माणसें अंधारांत बुडतात, आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या चुन्याच्या भिंतीसारख्या सपाट होतात. म्हणून चित्र किती उजळ आहे हें पाहूं नये. सांवलींत काय दिसतें आणि उजेडांत काय उरतें, हें पाहावें.

चौथी गोष्ट डाग व ओरखड्यांची. यांतहि कांहीं खुणा वाचतां येतात. चित्रावर पांढरे ठिपके दिसले तर ती धूळ बहुधा निगेटिव्हवर बसलेली होती. काळे ठिपके दिसले तर ती प्रतीवरची. उभ्या रेघा म्हणजे फीत यंत्रांतून वारंवार फिरल्याच्या खुणा. हे डाग काढणें योग्यच आहे. कारण ते दिग्दर्शकानें घातलेले नाहींत. परंतु तें काम माणसाच्या नजरेखालीं झालें पाहिजे. जें केवळ एकाच चित्रांत दिसतें व पुढच्या चित्रांत नसतें त्याला यंत्र कचरा समजतें. पावसाचा थेंब, मशालीची ठिणगी, उधळलेलीं फुलें, नाचतांना चमकून गेलेला घुंगुर हीं सर्व एका क्षणाचींच असतात. निष्काळजी यंत्र धुळीबरोबर पाऊसहि झाडून टाकतें. या दृष्टीनें, एखादी रेघ मागें ठेवून पाऊस राखणारी प्रत ही रेघेसह पाऊस पुसणाऱ्या प्रतीपेक्षां श्रेष्ठ होय.

पांचवी गोष्ट चौकटीची आणि गतीची. १९४६ सालच्या बोलपटाची चौकट बहुतेक चौरसाजवळची असे; उंची १ धरली तर रुंदी सुमारें १.३७. आजच्या संचाची रुंदी उंचीच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिक. जुनें चित्र या संचावर खरेपणानें दाखविलें तर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतातच. त्या पट्ट्या पाहून पुष्कळांना पैसे बुडाल्यासारखें वाटतें. म्हणून कोणी चित्र ताणून भरतो, तेव्हां माणसें ठेंगणीं व जाड होतात. कोणी तें वरून-खालून कापून भरतो, तेव्हां चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. नटाच्या डोक्यावरचा फेटा अर्धा दिसूं लागला कीं, चौकट कोणीतरी कापली आहे असें खुशाल समजावें.

गतीचा दोष डोळ्यांपेक्षां कानाला लवकर कळतो. भारतांतील जुन्या दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला पंचवीस चित्रांची होती. चोवीस चित्रांचा बोलपट तिच्यावर तसाच चालविला कीं तो चार टक्के वेगानें धांवे. १०० मिनिटांचा बोलपट ९६ मिनिटांत आटपे, आणि त्याच्याबरोबर सूरहि चढे. पांढरी एकमध्यें गायिलेलें पद काळी एकच्या जवळ जाऊन बसे. ब्लू-रेवर चोवीस चित्रांची मूळ गति ठेवतां येते. पण ती तबकडी जुन्या व्हिडिओ फितीवरून काढलेली असेल तर हा दोष तसाच उतरतो. सोलापुरांत नाट्यसंगीताचा कान असलेला माणूस आणि घरांत एखादी पेटी, हीं दोन्ही सहज मिळतात. एकाच बोलपटाच्या दोन प्रतींतील तेंच पद पेटीशीं लावून पाहिलें तर कोणती प्रत पळते आहे याचा उलगडा होतो.

ध्वनीची पारखहि चित्रासारखीच करावी. जुन्या बोलपटाचा आवाज फितीच्या कडेस प्रकाशानें उमटविलेला असे, आणि त्यांत थोडी सरसर असावयाचीच. ती पार नाहींशी करण्याच्या हव्यासांत ‘स’ व ‘श’ बोथट होतात आणि माणूस घागरींत तोंड घालून बोलल्यासारखा ऐकूं येतो. दोन वाक्यांच्या मधली शांतता ऐकावी. बोलणें चालू असतां सरसर ऐकूं येते आणि बोलणें थांबतांच ती दार बंद केल्यासारखी तुटते, असें होत असेल तर सफाई आंधळेपणानें केलेली आहे. तंबोऱ्याची शेवटची लकेर हळू हळू विरत गेली पाहिजे, मध्येंच छाटली जातां कामा नये.

येथवर जे दोष सांगितले ते अज्ञानाचे अथवा घाईचे. परंतु जाणूनबुजून केलेले बदल हा प्रश्न त्याहून बिकट आहे. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) हा थोडा भाग सोडला तर काळापांढरा असलेला चित्रपट २००४ सालीं संपूर्ण रंगीत करून दाखविण्यांत आला. लोकांना तो आवडला. पण त्याला जीर्णोद्धार म्हणतां येणार नाहीं, तें नवें रंगकाम होतें. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) या अमेरिकन चित्रपटाची ब्लू-रे २००९ सालीं निघाली तेव्हां स्वतः दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनींच रंग बदलले, आणि त्याच चित्रपटाचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनीं त्यास जाहीर हरकत घेतली. १९७५ सालीं परिनिरीक्षण मंडळाच्या आग्रहामुळें ‘शोले’चा शेवट बदलावा लागला होता, २०२५ च्या प्रतींत ठाकूर गब्बरला ठार करतो तो मूळचा शेवट परत आला. मग खरा ‘शोले’ कोणता? पन्नास वर्षें लोकांनीं पाहिला तो, कीं दिग्दर्शकाच्या मनांत होता तो? या प्रश्नाचें एकच उत्तर नाहीं. परंतु एक अट सर्वांना सारखी लागू पडते: काय बदललें, कां बदललें आणि कोणीं बदललें, हें प्रेक्षकाला स्पष्ट सांगितलें पाहिजे, आणि पूर्वींचें रूपहि कोठें तरी शाबूत राखलें पाहिजे. सांगून केलेला फरक हा पाठभेद होय. न सांगतां केलेला फरक ही लबाडी होय.

जीर्णोद्धार हा शब्द मराठींत देवळावरून आला आहे, आणि त्याचा खरा अर्थहि देवळापाशींच समजतो. गांवोगांवच्या कित्येक दगडी देवळांवर भाविकांनीं मोठ्या श्रद्धेनें तैलरंग फासला आहे. त्याखालीं छिन्नीची नक्षी बुजून गेली, आणि देऊळ मात्र नवें दिसूं लागलें. याच्या उलट सोलापूर जिल्ह्यांतच, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरांत २०२४ सालीं जें काम झालें त्यांत गाभाऱ्यांतील अलीकडच्या काळांत बसविलेली फरशी काढून मूळचा दगड मोकळा करण्यांत आला. काळानें व माणसानें वर चढविलेलें तेवढें उतरवावयाचें, आणि मूळ कारागिराच्या हातचें जें आहे त्याला धक्का लावावयाचा नाहीं, हा नियम दगडाला जसा लागू तसाच फितीलाहि लागू आहे. जुनें नवें दिसावें हा जीर्णोद्धाराचा हेतु नव्हे. जुनें जसें होतें तसें दिसावें, हा त्याचा हेतु होय.

आतां पुन्हां डॉ. कोटणिसांकडे वळलें पाहिजे. त्यांचें स्मारक सोलापुरांत आहे, आणि शाळेंतील मुलें तेथें जातात. त्या मुलांना कोटणिसांच्या काळाचें दर्शन घडावयाचें तें पुष्कळ अंशीं या एका बोलपटांतून. हक्क संपलेल्या बोलपटावर कष्ट घेण्यास व्यापारी सहसा तयार होत नाहीं. कारण त्यानें लाख रुपये खर्चून काढलेल्या प्रतीशेजारीं दुसरा कोणी चार पैशांची फिकट नक्कल ठेवील, आणि गिऱ्हाइकाला दोहोंतला भेद कळला नाहीं तर स्वस्त तेंच खपेल. भेद कळणारें गिऱ्हाईक निर्माण झालें तरच चांगल्या प्रतीला मोल येईल. आणि मोल आलें तरच, कोठें एखादी बरी फीत शिल्लक असेल ती शोधण्यास व नीट उतरून घेण्यास कोणी उभा राहील. फीत मात्र तोंवर वाट पाहत थांबत नाहीं. दर उन्हाळ्यांत ती थोडी अधिक आंबते.

म्हणून जुन्या बोलपटाची प्रत घरीं आणतांना, शाळेंत दाखवितांना अथवा ग्रंथालयासाठीं घेतांना सोलापूरकरानें चाटी गल्लींतली स्वतःची रीत सोडूं नये. घडी मोडून पाहावी. उगम विचारावा. पोत आहे कीं मेण आहे, कडा आहे कीं खळ आहे, चौकट पुरी आहे कीं कापलेली, सूर जागेवर आहे कीं चढलेला, हें दहा मिनिटांत पाहून घ्यावें. आणि मगच किंमत द्यावी. चकाकी पाहून चादर न घेणाऱ्या शहरानें चकाकी पाहून आपल्या सुपुत्राची स्मृति घेऊं नये.